‘ढ’ म्हणण्यापूर्वी

मराठी शाळेत मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणण्याची चाल फार जुनी आहे. तिचे कारण म्हणून जे सांगतात ते मोठे मार्मिक आहे. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येता येता सारी अक्षरे पालटली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. जो वर्षानुवर्षे जागचा हलत नाही तो ‘ढ’! शब्द गमतीचा खरा. परंतु ज्या मुलाला तो एकदा चिकटतो त्याच्या बाबतीत ती गंमत राहत नाही. शिक्षक त्याला प्रश्न विचारीनासे होतात, सोबती हसतात, घरी बोलणी बसतात, आणि दोन-तीन वर्षांत तो मुलगा स्वतःच तो निकाल मान्य करतो. हा निकाल कोणत्या पुराव्यावर दिला गेला, हे मात्र कोणी विचारीत नाही.

सिल्वासा किंवा खानवेलकडच्या एखाद्या मराठी शाळेतील चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. पहिल्या बाकावर एक मुलगा आहे. आठवड्याच्या बाजारात आईशेजारी बसून भाजी विकताना सुट्या पैशांचा हिशेब तो तोंडी अचूक करतो. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पण पुस्तक पुढे ठेवले की ‘मगर’चे ‘गरम’ होते आणि ओळ संपेपर्यंत घाम फुटतो. दुसऱ्या बाकावर एक मुलगी आहे. शुद्धलेखन घेताना तिचे मधलेच दोन-तीन शब्द गळतात. विचारले तर ती नुसती पाहत राहते. तिसऱ्या बाकावरचा मुलगा दुसरीपर्यंत बरा होता. आता त्याला सांगितलेले ध्यानात राहत नाही, काम अर्धे टाकतो, लवकर थकतो. तिघांच्याही गुणपत्रिका जवळजवळ सारख्याच आहेत. तिघांची कारणे मात्र पूर्णपणे वेगळी असू शकतात, आणि कारण वेगळे तर उपायही वेगळा. हा फरक शोधून काढण्याचे जे शास्त्रशुद्ध साधन आहे त्याला मेंदूच्या कार्याची मानसशास्त्रीय तपासणी म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘न्यूरोसायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन’ असे जे लांबलचक नाव दिसते ते हेच.

नाव ऐकूनच पालकांच्या छातीत धस्स होते. ‘आमचे मूल वेडे नाही,’ हे त्यांचे पहिले उत्तर असते. हे भय निराधार आहे. या तपासणीत सुई नाही, यंत्र नाही, वेदना नाही. टेबलापाशी बसून करावयाची ती कामे असतात. त्यांतली काही तर मुलांना खेळासारखी वाटतात. एम.आर.आय. यंत्र मेंदू कसा दिसतो ते दाखविते. तो काम कसे करतो हे पाहणे या तपासणीचा विषय आहे. सिल्वासाच्या एखाद्या धाग्याच्या कारखान्यात माल कमी निघू लागला, तर शहाणा व्यवस्थापक सारे यंत्र भंगारात काढीत नाही. कोणता पट्टा सैल झाला, कोणते चाक अडते, हे तो एकेक करून पाहतो. मुलाच्या बाबतीतही हीच रीत योग्य होय.

मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे असतात, ही कल्पना आता सर्वमान्य आहे. १८६१ साली पॅरिसमधील शस्त्रवैद्य पॉल ब्रोका याने एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला. त्या रुग्णाला दुसऱ्याचे बोलणे समजत असे, पण त्याच्या तोंडून एकच शब्दावयव निघे. मेंदूच्या डाव्या बाजूस पुढच्या भागात इजा झालेली आढळली. पुढे १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, त्याची दृष्टी चांगली होती. तरी वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते. त्याच्या शिक्षकाचे मत असे होते की, सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. बाजारात तोंडी हिशेब करणारा आपल्या पहिल्या बाकावरचा मुलगा या इंग्रज मुलाचाच भाऊ शोभतो. या अडचणीला आज ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात.

बुद्धीच्या मोजणीचा इतिहासही याच सुमाराचा आहे. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना निराळी मदत कशी द्यावी, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. त्यातून आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची पहिली कसोटी तयार केली. मदत कोणाला हवी ते ओळखावे, एवढाच बिनेचा हेतू होता. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी आहे, या मताचा त्याने १९०९ साली स्पष्ट निषेध केला. बुद्धी एका आकड्यात सांगणारा ‘बुद्ध्यंक’ त्याचा नव्हे. ती कल्पना १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मांडली. बिने १९११ सालीच वारला होता. पुढे त्याच्या कसोटीचा उपयोग मुलांवर शिक्का मारण्यासाठी झाला, हे त्याच्या हेतूच्या अगदी उलट घडले.

आता प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते पाहू. तिचा आरंभ प्रश्नपत्रिकेने होत नाही. आईशी बोलण्याने होतो. गरोदरपण कसे गेले, मूल जन्मताच रडले काय, चालायला व बोलायला केव्हा लागले, कधी आकडी किंवा मेंदूज्वर आला काय, डोक्यावर पडले काय, घरी कोणती भाषा बोलतात, शाळा किती वेळा बदलली, ही सारी माहिती विचारली जाते. शिक्षकांचे निरीक्षण मागविले जाते. जुन्या वह्या पाहिल्या जातात. त्याआधी डोळे आणि कान तपासलेले असावेत. कान वाहिल्यामुळे अर्धवट ऐकू येणारे मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून शिक्षा भोगते, असे अनेकदा घडते.

त्यानंतर मुलाबरोबरचे काम सुरू होते. ते काही तासांचे असते आणि लहान मुलांसाठी दोन-तीन बैठकांत वाटले जाते. रंगीत ठोकळे देऊन चित्राप्रमाणे नक्षी जुळवायला सांगतात. त्यावरून आकार व जागा यांची जाण कळते. काही आकडे सांगून ते त्याच क्रमाने आणि मग उलट्या क्रमाने म्हणायला लावतात. उलटे म्हणताना आकडे मनात धरून त्यांच्यावर काम करावे लागते. शब्दांची एक यादी पुनःपुन्हा ऐकवून, काही वेळाने त्यांतले किती आठवतात ते पाहतात. एक गुंतागुंतीची आकृती प्रथम पाहून आणि नंतर न पाहता काढायला सांगतात. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे सुचतील तितकी सांगायला लावतात. कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेघेने जोडायचे असतात. वाचन, लेखन व गणित यांची निराळी तपासणी होते. मूल किती गुण मिळविते याबरोबरच ते काम कसे करते, हेही तज्ज्ञ टिपून ठेवतो. घाईने चुकते की विचार करूनही अडते? चूक आपणहून सुधारते काय? सूचना विसरते की मुळातच समजत नाही? मुलाविषयीचे मौलिक ज्ञान पुष्कळदा या निरीक्षणांतून मिळते.

शेवटी आकडे येतात. बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरलेली असते आणि सुमारे दोन-तृतीयांश मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान असतात. एकच आकडा पाहून पालक हर्षतात किंवा खचतात; दोन्ही चूक. प्रत्येक मोजणीत थोडीफार चूक असतेच. ९० आणि ९४ यांत फरक मानणे म्हणजे हलत्या तराजूवर गुंज तोलण्यासारखे आहे. खरा अर्थ निरनिराळ्या कामांतील चढउतारांत असतो. ज्याची तर्कशक्ती चांगली पण अक्षर व ध्वनी यांचा मेळ बसत नाही, आणि ज्याचे सर्वच अंगांनी सावकाश चालते, त्या दोघांना एकच औषध लागू पडत नाही.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे आता वळू. काही सेकंद एकटक पाहणे, पापण्या किंचित फडफडणे आणि मग जणू काहीच झाले नाही अशा रीतीने काम पुढे चालू करणे, ही अपस्माराच्या एका प्रकाराची खूण असू शकते. त्यात मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. म्हणून तो आजार आहे असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुलगी स्वप्नाळू म्हणून बोलणी खाते. मेंदूचा विद्युत-आलेख काढला की निदान होऊ शकते आणि औषधांनी असे झटके बहुधा थांबतात. अशा वेळी प्रथम बालरोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ हवा. स्मृती व अवधान यांची तपासणी नंतर.

तिसऱ्या मुलाचा प्रश्न या प्रदेशाला विशेष जवळचा आहे. दादरा व नगर हवेलीत निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत, आणि वारली, कोकणा, धोडिया इत्यादी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय दुखणे, रक्त कमी होणे, वारंवार दवाखाना हे परिणाम लोकांना ठाऊक आहेत. काही मुलांत मेंदूच्या बारीक वाहिन्याही अडतात. अर्धांग होत नाही, बाहेरून काही दिसत नाही, पण अवधान, कामाचा वेग आणि योजनेने काम करण्याची शक्ती हळूहळू कमी होते. भारतातील आदिवासींत हा रोग आफ्रिकी वंशाच्या मुलांतल्यापेक्षा पुष्कळदा सौम्य असतो, हे खरे. तरी सिकलसेल असलेले मूल अभ्यासात एकाएकी मागे पडू लागले, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. ज्याला एकाच पालकाकडून हा गुण मिळाला, तो वाहक सामान्यतः रुग्ण नसतो, हेही ध्यानात ठेवावे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांचे रक्त तपासण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही गावाला लागू पडेल. परंतु सिल्वासासारख्या ठिकाणी आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. तो म्हणजे भाषेचा. येथे एका मुलाच्या घरी वारली बोलतात, दुसऱ्याच्या घरी गुजराती, तिसऱ्याचे आईबाप कारखान्याच्या कामासाठी बिहारहून किंवा ओडिशाहून आलेले. शाळा मराठी, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. तपासणीसाठी सुरत किंवा मुंबई गाठली, तर तेथला तज्ज्ञ कदाचित हिंदीत किंवा इंग्रजीत प्रश्न विचारणार. अशा वेळी जे मोजले जाते ते मुलाची बुद्धी की परक्या भाषेचे ज्ञान?

हा धोका कल्पित नाही. १९१३ साली न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने युरोपातून नुकत्याच उतरलेल्या गरीब स्थलांतरितांची दुभाष्यांमार्फत परीक्षा घेतली. परीक्षा दिलेल्यांपैकी दर पाचांत सुमारे चार माणसे त्याने मतिमंद ठरविली! लांबच्या प्रवासाने थकलेल्या, भांबावलेल्या माणसांचा दोष नव्हता. दोष मापाचा होता. उलट १९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांत गेला. करवत, कुऱ्हाड, हातोडा आणि ओंडका यांतील वेगळी वस्तू कोणती, असे त्याने विचारले. शाळा शिकलेला माणूस ओंडका वेगळा काढतो, कारण बाकीची हत्यारे आहेत. शेतकरी म्हणाले की, सारी एकत्रच हवीत; ओंडका नसेल तर करवतीने कापायचे काय? व्यवहाराच्या दृष्टीने उत्तर बिनतोड होते. कागदावर मात्र ते चूक ठरले असते. डोंगरातल्या पाड्यावरून आलेले वारली मूल असेच उत्तर देईल, तर त्याला गुण द्यायचे की शून्य? शिवाय अनोळखी मोठ्या माणसासमोर गप्प राहणे हा ज्याच्या घरचा शिष्टाचार आहे, त्याचे मौन अज्ञान म्हणून मोजायचे काय?

भारतातील अभ्यासकांनी ही अडचण फार पूर्वीच ओळखली. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोटीचे रूपांतर कानडी आणि मराठी मुलांसाठी केले. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. मराठी मुलाला मराठीतच प्रश्न विचारावेत आणि त्याची तुलना येथल्याच मुलांशी करावी, हे तत्त्व त्या कामाच्या मुळाशी होते. उत्तर प्रदेशात सी. एम. भाटिया यांनी १९५५ साली पाच कामांचा संच प्रसिद्ध केला. त्यात ठोकळे, आकृत्या व चित्रे यांवर भर असल्याने निरक्षर मुलांचीही परीक्षा घेता येते. नागपूरच्या ए. जे. मॅलिन यांनी वेक्सलरची बालकांची कसोटी भारतीय मुलांसाठी बेतली, तर बडोद्यात प्रमिला फाटक यांनी लहान मुलांच्या वाढीच्या आणि माणसाचे चित्र काढण्याच्या कसोट्यांवर काम केले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने मुलांच्या मेंदूच्या कार्यासाठी स्वतंत्र कसोटीसंच तयार केला. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनदोष ओळखण्यासाठी बनविलेल्या ‘डाली’ या साधनात हिंदी, कन्नड व इंग्रजी यांबरोबर मराठीचाही समावेश आहे. म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलासाठी वाट मोकळी आहे. ज्याची मायबोली वारली आहे त्याच्यासाठी मात्र अजून अधिक जपून पाऊल टाकावे लागते. घरची भाषा जाणणारी व्यक्ती सोबत असावी, शब्दांविना करावयाच्या कामांना अधिक वजन द्यावे, आणि या मर्यादेचा उल्लेख अहवालात स्पष्ट असावा. पालकांनी हे सारे मागून घ्यावे. त्यात संकोच नको.

आरंभ कोठे करावा? शाळेच्या व अंगणवाडीच्या मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सिल्वासाच्या शेजारच्याच पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आजार व वाढीतील उणिवा लवकर ओळखणे हा त्याचा हेतू आहे. शाळेत येणाऱ्या पथकाला शिक्षकांनी आपली शंका सांगावी. सिल्वासात विनोबा भावे रुग्णालय आहे. तेथील बालरोग विभागात दाखवून डोळे, कान व रक्त यांची तपासणी आधी उरकावी. पुढे संपूर्ण तपासणीसाठी वापीहून गाडी धरून मोठ्या शहरी जावे लागलेच, तर ती खेप वाया जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान मिळाले आहे. ज्या मुलाची अडचण प्रमाणित होते त्याला परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. निरनिराळ्या मंडळांचे नियम निरनिराळे असल्यामुळे शाळेने ते वेळीच पाहून ठेवावेत. महाराष्ट्रात अशा सवलती १९९६ पासून आहेत. हे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत सहसा देत नाहीत. कारण लहान वयात उशिरा शिकणे आणि अडचण असणे यांतला फरक नीट कळत नाही. मदतीला मात्र वयाची अट नाही. ती पहिलीपासूनच सुरू व्हावी.

तपासणीला नेताना मुलाची भरपूर झोप झालेली असावी, पोट भरलेले असावे, चष्मा असल्यास बरोबर घ्यावा. आदल्या दिवशी घोकंपट्टी करून घेऊ नये. तिने मोजणी बिघडते. ‘यात पास-नापास नाही, तुला कोठे अडते ते पाहून आम्हांला तुला मदत करायची आहे,’ एवढे मुलाला सांगावे, कारण ते खरेच आहे. अहवाल हाती आला की तीन प्रश्न विचारावेत. मुलाला काय चांगले जमते? कोठे आणि का अडते? आणि सोमवारी सकाळी वर्गात व संध्याकाळी घरी नेमके काय करायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या अहवालात नाही तो कितीही जाड असला तरी अपुरा समजावा. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी करून मुलाची प्रगती पाहावी. आजचा आकडा म्हणजे आजन्म पत्रिका नव्हे.

आणि उपाय पुष्कळदा साधे असतात. ज्याला वाचन अडते त्याला मोठ्याने वाचायला लावून वर्गात फजीत करू नये. अक्षर आणि ध्वनी यांची जोडी रोज थोडा वेळ, बोट फिरवून, तोंडाने म्हणून, पुनःपुन्हा घ्यावी. इतिहास-भूगोलाचे उत्तर तोंडी घ्यावे. ज्याच्या मनात सूचना टिकत नाही त्याला एका वेळी एकच काम सांगावे. जो लवकर थकतो त्याला मधे विसावा द्यावा. याला पैसा लागत नाही; मुलाकडे पाहण्याची दृष्टी मात्र लागते.

बाजारात अचूक मोड परत करणारा तो पहिल्या बाकावरचा मुलगा अजून तेथेच बसला आहे. त्याच्या अंगी काय आहे हे त्याच्या आईला ठाऊक आहे, भाजी घेणाऱ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. शाळेला तेवढे अजून ठाऊक व्हायचे आहे. शतकानुशतके न पालटण्याचा मान एका अक्षराला खुशाल असो. मूल मात्र वाढणारे असते, आणि कोठे अडले ते वेळेवर कळले तर ते पुढे सरकते.